लाईफटाइम, पण कुणाचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं वॉरंटीची आहेत. बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्तीनंतर लालबागला भाच्याच्या बॅटरीच्या दुकानात रोज सकाळी बसतो. म्हणजे हा विषय मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा देतोय, कारण त्याने मला स्वस्थ बसू दिलं नाही.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी आमच्या वॅगन-आरला नवी बॅटरी घेतली. दुकानदाराने ‘लाईफटाइम वॉरंटी’ असं सांगितलं आणि बिलावर हाताने तसं लिहूनही दिलं. कंपनीचं कार्ड काही दिलं नाही. एकोणिसाव्या महिन्यात एका सकाळी गाडी सेल्फच घेईना. दुकानात गेले तर म्हणाला, “मॅडम, लाईफटाइम म्हणजे बॅटरीची लाईफ. ती संपली.” आता काय करू? घरात सगळे म्हणतात, तू फसलीस, सोडून दे. (एक वाचक, मुलुंड पूर्व)

उत्तर : ताई, सोडून देऊ नका. तुमच्याकडे बिल आहे आणि बिलावर त्याच्या हातचं अक्षर आहे. लालबागला आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या चार जणांकडे तेवढंही नसतं.

‘लाईफटाइम’ हा शब्द कानाला गोड लागतो, पण नेमकं कुणाचं आयुष्य ते त्यात सांगितलेलंच नसतं. बॅटरीचं? गाडीचं? गाडी तुमच्या नावावर असेपर्यंतचं? की दुकानाचं? २००९ साली माझ्या मेहुण्याने त्याच्या मारुती ८०० ला एक सायलेन्सर बसवला होता, तोही ‘लाईफटाइम’. २०१३ च्या पावसाळ्यात तो खालून गंजून फाटला. आम्ही दोघं गेलो तर त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं टांगलेली. मेहुण्याने पावती चार वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. ती हातात धरून तो त्या गाळ्यासमोर उभा होता, ते मला अजून दिसतं.

आता बॅटरीचं बघू. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाची बॅटरी तयार केली. आपल्या साध्या गाड्यांच्या बॅटरीत मूळ रसायन आजही तेच आहे : शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. प्रत्येक वेळी बॅटरी उतरते आणि चढते तेव्हा प्लेटांवरचा मसाला थोडा थोडा सुटतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी आतून गंजत जाते. उष्णतेने हे सगळं आणखी वेगाने होतं, आणि बॉनेटखाली उष्णतेला काय तोटा. मुंबईत बॅटरी तीन ते पाच वर्षं गेली तर ती चांगली गेली असं मी समजतो. झिजणं हा जिचा स्वभावच आहे, तिला आयुष्यभराचं वचन देणाऱ्या माणसाने बदलीच्या बॅटरीचे पैसे आधीच बाजूला काढलेले असायला हवेत. नाहीतर त्याला ते वचन पाळायचंच नसतं.

पण तीन वर्षं टिकणं वेगळं आणि १९ महिन्यांत मरणं वेगळं. म्हणून आधी ती कशाने मेली ते बघा. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर असतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, कारण आत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. चार्ज करूनही काटा १०.५ च्या आसपासच थांबत असेल तर बहुतेक एक सेल आतून शॉर्ट झाला आहे. इतक्या लवकर असं होणं हा बॅटरीचाच दोष समजायचा. चार्ज केल्यावर ती १२.६ ला येऊन टिकत असेल, तर बॅटरी बहुधा निर्दोष आहे. लोड टेस्टने, म्हणजे बॅटरीवर भार टाकून, खात्री करा आणि चूक गाडीत शोधा. इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मोजा : साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. १३ च्या खाली असेल तर ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, बॅटरीला उपाशी ठेवतोय. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीला उकळतोय. ही तपासणी न करता नवी बॅटरी बसवू नका. ऑल्टरनेटर खराब असलेल्या गाडीत एकाच वर्षात दोन बॅटऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दोन्ही वेळा शिव्या बॅटरीला बसल्या. जे आकडे येतील ते त्या इलेक्ट्रिशियनकडून तारखेसह कागदावर लिहून घ्या.

दोष बॅटरीचा निघाला तर पुढचं ऐका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या आयुष्याची हमी देणं त्यात येतं. जी हमी पाळली जाण्याची वाजवी शक्यताच नाही, अशी हमी देणंही येतं. बिल न देणंसुद्धा येतं. म्हणजे तुमच्या दुकानदाराने बिलावर लिहिलेला तो एक शब्द त्याच्या तोंडच्या खुलाशापेक्षा वजनदार आहे. आधी त्याला लेखी पत्र द्या : बॅटरी कधी घेतली, बिलावर काय लिहिलंय, तपासणीत काय आलं, आणि पंधरा दिवसांत बदलून हवी. पोच घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. तरी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आपल्याच शहरात आहे, तिथे सल्ला मिळतो. पाच-सहा हजारांसाठी एवढं कशाला, असं घरातले म्हणतील. त्यांना म्हणावं, याच दुकानात उद्या दुसरी कुणी बाई उभी असेल.

पुढच्या वेळी बॅटरी घ्याल तेव्हाचंही सांगून ठेवतो. कार्डावर ‘५५ महिने’ असं मोठ्या अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरात त्याची फोड असते, ३० अधिक २५ अशी. पहिल्या ३० महिन्यांत दोष निघाला तर बॅटरी फुकट बदलून. पुढचे २५ महिने प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीच्या किमतीत काही टक्के सूट. ही सूट छापील किमतीवर धरतात. छापील किंमत ६,००० धरा आणि सूट २० टक्के, तर द्यायचे राहिले ४,८००. आता तीच बॅटरी बाजारात घासाघीस करून, जुनीचं भंगार देऊन, जवळपास तेवढ्यालाच मिळते. म्हणून मी प्रो-राटाचे महिने हिशेबातच धरत नाही. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना फुकट बदलीचे महिने तेवढे बघा. आणि बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवी मुदत लागत नाही, जुनीचीच उरलेली मुदत चालते.

दुकानातून निघण्यापूर्वी कार्डावर सीरियल नंबर, तारीख आणि शिक्का हवा. आता पुष्कळ डीलर नंबर तिथल्या तिथे मोबाइलवर नोंदवतात आणि आपल्याला मेसेज येतो. मेसेज येईपर्यंत पैसे देऊ नका. भाच्याच्या दुकानात मी हे स्वतः उभं राहून करून घेतो.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, तिकडे ब्रेक पॅड आणि ऑल्टरनेटरलासुद्धा लाईफटाइम वॉरंटी मिळते. डिसेंबरमध्ये येताना तो आमच्या गाडीसाठी घेऊन यायचं म्हणतोय. आणू दे का? आपल्याकडे अशी वॉरंटी का नाही? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : काका, मुलगा सांगतो ते खरं आहे, पण अर्धं. तिकडच्या पार्टच्या खोक्यावर बहुतेक वेळा ‘लिमिटेड लाईफटाइम’ असं छापलेलं असतं, आणि सगळी मेख त्या ‘लिमिटेड’मध्ये. ज्याने पार्ट घेतला त्याच्याच नावावर ती गाडी असेपर्यंत वॉरंटी, गाडी विकली की संपली. पार्ट बदलून मिळतो, मजुरी आपली. त्यांच्याकडे १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. लेखी वॉरंटी ‘फुल’ आहे की ‘लिमिटेड’ हे त्याप्रमाणे स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरातीत ‘लाईफटाइम’ म्हटलं तर कुणाचं आयुष्य तेही सांगा, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचं, म्हणजे व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, मार्गदर्शन आहे. त्यात उदाहरणच मफलरचं, म्हणजे आपल्या सायलेन्सरचं, दिलं आहे. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मेहुणा आठवला.

ब्रेक पॅड झिजण्यासाठीच असतात. तरीही काही दुकानं झिजलेले पॅड घेऊन नवे देतात, कारण पुष्कळ लोक त्याआधीच गाडी विकतात किंवा पावती हरवतात. जे कधी परत येत नाहीत, त्यांच्याच पैशातून परत येणाऱ्यांचे पॅड निघतात.

तेव्हा आणू देऊ नका. तिथल्या दुकानाची वॉरंटी तिथल्या काउंटरवरच चालते. गिरगावात बसून तुम्ही ती कुणाकडे मागणार? शिवाय इथल्या मॉडेलचा पार्ट नंबर तिथल्या गाडीशी जुळेलच असं नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत ‘जवळपास बसतो’ हे मला मुळीच मान्य नाही. ऑल्टरनेटरसाठी तर मी नव्या पार्टचासुद्धा आग्रह धरणार नाही. गिरगावाहून ऑपेरा हाऊसकडे गाड्यांच्या सामानाची जुनी दुकानं आहेत, तिथे कुठल्याही जुन्या दुकानदाराला चांगला रिवाइंडिंगवाला, म्हणजे ऑल्टरनेटर दुरुस्त करणारा, विचारा. बऱ्याचदा कार्बन ब्रश, बेअरिंग किंवा रेग्युलेटर बदलूनच काम भागतं. आधी उघडून तपासायला सांगा.

प्रश्न : घरून काम असल्याने गाडी तीन-तीन आठवडे सोसायटीत उभीच असते. बॅटरी उतरली. डीलरने चार्ज करून परत दिली आणि म्हणाला, ही वॉरंटीत बसत नाही. बॅटरी फक्त १४ महिन्यांची आहे. तो टाळतोय का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : या वेळी डीलर बरोबर आहे. वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते, उतरलेली बॅटरी त्यात येत नाही.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटर थोडा करंट खात असतात. तो ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-अवर झाले (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप). छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. दोन आठवड्यांत ती अर्ध्यावर येते, महिन्याभरात रिकामी. आणि रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. ते घट्ट झाले की कितीही चार्ज करा, बॅटरी पूर्वीसारखा भार धरत नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर जून-जुलैमध्ये आमच्या दुकानासमोर अशा बॅटऱ्यांची रांग लागली होती. त्यातल्या बऱ्याच वर्षाच्या आतल्या होत्या, आणि त्या लोकांना परत पाठवताना मला फार वाईट वाटलं.

सोसायटीतच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून भागत नाही. सेल्फने ओढलेलं जेमतेम भरून निघतं. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी बाहेर काढा. सकाळी सहाला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून बोरिवलीपर्यंत जाऊन या. ते जमणार नसेल तर उभ्या गाडीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, दहा नंबरचा पाना पुष्कळ गाड्यांना पुरतो. म्युझिक सिस्टीमला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून, टर्मिनल काढून दोन दिवस नुसती ठेवा आणि मग व्होल्ट मोजा. १२.४ च्या खाली घसरत असेल तर ती पुन्हा डीलरकडे न्या आणि लोड टेस्ट मागा. टेस्टमध्ये दोष निघाला तर त्याला नाही म्हणता येणार नाही.

प्रश्न : माझी सीएनजी टॅक्सी आहे. शेजाऱ्याच्या खासगी गाडीला त्याच कंपनीच्या बॅटरीवर माझ्यापेक्षा जास्त महिने मिळाले. हा अन्याय नाही का? (एक वाचक, काळाचौकी)

उत्तर : दादा, तुमची गाडी दिवसात वीस-पंचवीस वेळा सेल्फ घेते आणि शेजाऱ्याची दोनदा, म्हणून पुष्कळ कंपन्या टॅक्सीला मुदत कमी देतात. कार्डाच्या मागे ते लिहिलेलं असतं. दुकानदार म्हणाला की ‘प्रायव्हेट लिहून देतो, जास्त महिने मिळतील’, तर ऐकू नका. क्लेमच्या वेळी पिवळी-काळी नंबरप्लेट दिसली की कार्ड बाद होतं आणि टॅक्सीचे महिनेही हातचे जातात. पाणी घालायची बॅटरी असेल तर दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर बघा, नळाचं कधी घालू नका. टर्मिनलवर पांढरं-निळं धरलं तर गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून व्हॅसलीन लावा. शनिवारी सकाळी दहापर्यंत मी लालबागलाच असतो, टॅक्सी घेऊन या, दोघं मिळून व्होल्ट मोजू.