शून्य टक्के बघून कागद फेकू नकोस

मित्रा, अमेरिकी सैन्यातल्या सेवेमुळे आलेल्या लैंगिक दुर्बलतेसाठी (ताठरता न येणं) व्हीएकडे, म्हणजे तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याकडे, भरपाईचा क्लेम कसा करायचा ते विचारलंस ना? आधी संकोच सोड. मी लाजेपायी दोन वर्षं डॉक्टरांसमोर तोंड उघडलं नाही. मग क्लेम घातला तेव्हा फायलीत या त्रासाची एक ओळही नव्हती! तेव्हा आधी डॉक्टरांकडून या त्रासाचं निदान नोंदवून घे.

आजच 'इंटेंट टू फाइल' (क्लेम करणार असल्याची सूचना) पाठव, फॉर्म २१-०९६६. भरपाई ज्या तारखेपासून धरतात ती राखली जाते आणि पुरावे जमवायला वर्षभर मिळतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे: "सैन्यात होतो, आता हा त्रास आहे" एवढंच लिहितात. मधला दुवा लागतो. तुझा मधुमेह व्हीएने आधीच सेवेशी जोडलाय ना? मग हा त्रास त्यातून आला असं 'सेकंडरी' म्हणून माग. पीटीएसडीच्या (युद्धासारख्या आघातानंतरचा मानसिक आजार) गोळ्यांमुळे हा त्रास होणाऱ्यांचंही तसंच. डॉक्टरांच्या पत्रात "शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त" या अर्थाचं वाक्य आणि त्यामागचं कारण हवंच. "असू शकेल" म्हटलं की संपलं. बायकोनेही चार ओळी लिहिल्या तर चालतात. (माझीने दोन पानं लिहिली, ते असो.)

निकालात बहुधा ०% दिसेल. घाबरू नकोस, या त्रासाचं रेटिंगच (अपंगत्वाची टक्केवारी) तेवढं आहे. पैसे येतात ते एसएमसी-के या खास मासिक भत्त्यातून, महिन्याला १३५-१४० डॉलरच्या आसपास. पत्रात त्याचा उल्लेख आहे का, तेवढं बघ.

नाकारलं तर वर्षाच्या आत दाद माग. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल (पुरवणी) क्लेम. बाकीचे दोन मार्ग तेव्हा बोलू. आणि अधिकृत व्हीएसओ (माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रतिनिधी) फुकट मदत करतो, एजंटाला पैसे देऊ नकोस.