दर्यावरचे प्रश्न : मॉरिशसचा मार्लिन आणि माळकरी नवरा

प्रश्न : माझं माहेर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचं. लहानपणी बाबांबरोबर धक्क्यावर बसून गरवायचे. लग्न होऊन सांगलीला आले आणि गरी हातातून सुटली ती सुटलीच. आता लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलाने आम्हा दोघांना मॉरिशसची सहल दिली आहे, नोव्हेंबरअखेर, पश्चिम किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये. तिथून खोल समुद्रात मार्लिन, म्हणजे भाल्यासारखी चोच असलेला तो मोठा मासा, पकडायला बोटी जातात हे कळल्यापासून मला राहवत नाही. पण माझं वय एकावन्न, अंगात पैलवानाचं बळ नाही. यजमान माळकरी आहेत आणि घाटात एसटी वळली तरी त्यांना मळमळतं. ते म्हणतात, "मी येतो सोबत, पण जीव घेऊ नकोस." हे जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जमेल. यजमानांची अट मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

मॉरिशसमध्ये पकडलेला मासा रिवाजाप्रमाणे बोटीचा असतो, गिऱ्हाइकाचा नाही. धुरी दिलेला मार्लिन तिथे आवडीने खाल्ला जातो, म्हणजे मोठ्या माशाचे बोटवाल्याला पैसे मिळतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर मासा बोटीशी आला की खलाशी त्याला आकडा घालून आत ओढतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. त्या घाईत "सोडा, सोडा" म्हणून उपयोग नाही. बोट ठरवतानाच कप्तानाला विचारा : मार्लिन लागला तर सोडणार का? होकार मेसेजवर लिहून घ्या. आढेवेढे घेतले तर दुसरी बोट बघा, तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅक रिव्हरला बोटींना तोटा नाही.

सोडायचं म्हणजे कसं, हेही विचारा. मासा पाण्यातच राहिला पाहिजे. फोटोसाठी त्याला फळीवर घेऊ नये; एवढं वजन पाण्याबाहेर आलं की त्याला आतून इजा होते. खलाशी हातमोजे घालून त्याची चोच धरतो, गळ काढतो किंवा दोर तोंडाजवळ कापतो, आणि बोट सावकाश पुढे जात राहते. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी वाहतं आणि दमलेला मासा सावरतो. आमिषाला गोल वळलेला गळ असेल तर तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. कृत्रिम आमिष ओढणार असतील तर त्याला एकच गळ लावा म्हणावं.

यजमानांना मात्र खरं ते सांगा. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. फार वेळ झुंजलेला, खोलवर गळ गेलेला मासा नंतर मरू शकतो. हे ऐकूनही ते तयार असतील तरच त्यांना बोटीवर न्या. नसतील, तर त्या सकाळी त्यांना गंगा तलावावर शंकराच्या दर्शनाला जाऊ दे. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक तिथे चालत येतात. तुम्ही परत आलात की दोघांनाही सांगायला काही असेल.

मी या सोडण्याबद्दल एवढी अडून बसते त्याला कारण आहे. निळ्या मार्लिनचा नर दीडशे किलोच्या पुढे क्वचितच जातो. ज्या राक्षसी माशांचे फोटो भिंतीवर लागतात, त्या सगळ्या माद्या असतात, अंडी घालणाऱ्या. हिंदी महासागरातला या माशाचा साठा घटलाय, हे सेशेल्समध्ये मुख्यालय असलेल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाने नोंदवलं आहे. त्यातला मोठा वाटा व्यापारी मासेमारीचा, हौशी लोकांचा थोडाच. पण थोड्याचाही हिशेब असतो. मालवणात आमच्या डोळ्यांदेखत मोठे मासे कमी होत गेले, ते काही एका दिवसात नाही.

आता तुमच्या बळाची काळजी. मार्लिन हाताने नाही, पाय आणि पाठीने ओढला जातो. बोटीच्या मागच्या भागात पक्की बसवलेली खुर्ची असते, पाय टेकायला फळी असते, आणि कमरेभोवतीचा पट्टा थेट रिळाला अडकवतात. पाय रोवून मागे रेलायचं की काठी वर येते. पुढे झुकताना रीळ गुंडाळायचं. मासा पळू लागला की गुंडाळायचं नाही, त्याला दोर घेऊ द्यायचा. रिळाचा ब्रेक दोर तुटण्याच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर लावलेला असतो, तोच माशाला दमवतो. ज्यांना लहानपणी गरवायची सवय होती त्यांना हे पटकन साधतं, कारण दोराचा ताण बोटांना ओळखीचा असतो. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. झुंज तासभर चालू शकते, कधी त्याहून कितीतरी जास्त. एक गोष्ट कधीच करू नका : शेवटचा जाड दोर हाताला गुंडाळणं सोडाच, त्याला स्पर्शही नको. ते खलाशाचं काम.

आणि दमलात तर काठी यजमानांकडे द्या. १९३९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याचा हात काठीला लागला तर तो मासा विक्रमात धरत नाहीत. तुम्हाला विक्रम कुठे करायचाय? नवऱ्याने दोन मिनिटं काठी धरली तर ती सहल दोघांची होईल.

नोव्हेंबरअखेर ही वेळ चांगली आहे. मार्लिनचा हंगाम तेव्हा भरू लागतो आणि मार्चपर्यंत चालतो. शिवाय आपल्या सुरमईचा नातलग, ‘वाहू’ नावाचा मासा, तेव्हा भरपूर असतो. पश्चिम किनारा आग्नेय वाऱ्यापासून डोंगरांच्या आडोशाला आहे, म्हणून पाणी बरंच शांत मिळतं. पण चक्रीवादळांचा हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो, नोव्हेंबर ते एप्रिल. तिथलं हवामान खातं १ ते ४ अशा वर्गांत इशारे देतं. बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, हे आधी ठरवा आणि मासेमारी सहलीच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे हाताशी दिवस राहतात.

मुंबईसमोर समुद्रतळ शेकडो किलोमीटर उथळच राहतो, म्हणून आपल्याकडे खोल पाणी गाठायला दिवस जातो. मॉरिशस हे समुद्राच्या तळातून वर आलेलं ज्वालामुखीचं बेट. ब्लॅक रिव्हरला प्रवाळाची भिंत ओलांडून जेमतेम दीड-दोन किलोमीटर गेलं की खाली ६०० मीटर पाणी असतं. म्हणजे मागे ल मोर्नचा डोंगर स्पष्ट दिसतोय आणि तुमचं आमिष मार्लिनच्या वाटेत आहे! यजमानांच्या मळमळीवरही हा मोठा उतारा आहे, कारण किनारा डोळ्यांसमोर राहतो. त्यांनी नजर त्या डोंगरावर ठेवावी, मोबाइलवर नाही. केबिनमध्ये बसू नये, डिझेलच्या धुरापासून दूर राहावं, उपाशी निघू नये. मळमळीची गोळी निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी, बोट हलू लागल्यावर नव्हे. कोणती, ते डॉक्टरांना विचारून. पूर्ण दिवसाची बोट घेऊ नका. सकाळची अर्धा दिवसाची, साधारण सहा तासांची, पहिल्या वेळेला पुष्कळ झाली.

भाडं बोटीचं असतं, माणशी नसतं. दुसऱ्यांबरोबर वाटून घेतली तर पैसे वाचतात, पण मासा लागल्यावर खुर्चीत कोण बसणार हे पाळीने ठरतं आणि मासा सोडायलाही सगळ्यांची संमती लागते. तुमची अट पाहता स्वतंत्र बोट घ्या, मुलाने आणखी थोडे दिले तरी चालतील. आणि हो, केळी नेऊ नका. बोटीवर केळी आणणं जगभरचे गळवाले अशुभ मानतात आणि मी त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवते. यजमानांची एकादशी असेल तर खजूर, राजगिऱ्याचे लाडू न्या.

मार्लिन दिसलाच नाही, तर? असं बरेचदा होतं. तेव्हा कप्तानाला सांगा, हलकी काठी द्या, बोनिटोवर जाऊ. आपल्या गेदरीच्या जातीचा हा मासा धक्क्यावरच्या गरीसारखाच हाताला झटका देतो. ब्लॅक रिव्हर भागात मराठी मुळाची कुटुंबंही पिढ्यान्‌पिढ्या राहतात, गणेश चतुर्थीला तर देशभर सुट्टी असते. कुणी भेटलं तर जरूर बोला.

प्रश्न : आम्ही जानेवारीत मॉरिशसला जाणार आहोत. धुरी दिलेल्या मार्लिनची पाकिटं घरी आणावीत का? सून गरोदर आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सुनेसाठी मुळीच नको. मार्लिन मोठा शिकारी मासा. लहान मासे खाऊन खाऊन त्याच्या अंगात पारा साठतो आणि तो धुरी देऊन वा शिजवून जात नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी तो खाऊच नये. तिला बांगडा, तारली द्या, ताजी मिळेल तशी.