दमट हवेत धावताना घामाचं गणित

नव्याने धावायला लागलायस, म्हणून सांगतो. निथळणारा घाम बघून खूश होऊ नकोस. खाली टपकला तो फुकट गेला. अंगावरून वाळतो तोच थंडावा देतो. लिटरभर घाम पूर्ण वाळला, तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत तो नीट वाळतच नाही, म्हणून नागपूरपेक्षा पारा खाली असूनही इथे दमछाक होते. तेव्हा वेग उतरव, सुती बनियन घरी ठेव, वारा लागेल असा रस्ता धर. शरीराला उकाड्याची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. तोवर घड्याळाशी भांडू नकोस. (ते भांडण नंतर आहेच!) गरगरलं किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच थांब, सावली गाठ, अंगावर पाणी ओत आणि सोबत्याला हाक मार.