थर्माकोलच्या पेशीला खड्डे का पडले?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. प्राणीपेशीच्या प्रतिकृतीसाठी थर्माकोलच्या अर्ध्या गोळ्याला घरातला ऑइलपेंट लावला, तर गोळाच विरघळला. आता काय करावं? (एक पालक, परभणी)

उत्तर : दोष रंगातल्या थिनरचा. तो थर्माकोल खातो. स्प्रेचा रंगही तेच करतो. नवा गोळा घ्या. पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे दोन थर चिकटवा, रात्रभर वाळू द्या, मग पोस्टर कलर.

केंद्रकासाठी पिंगपाँगचा अर्धा चेंडू चालतो. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) शेंगदाण्याएवढ्या करा आणि कापलेल्या बाजूला आतल्या पटलाच्या घड्या टाचणीने कोरा. गुण तिथेच मिळतात. आंतर्द्रव्यजालिकेसाठी (पेशीतलं पटलांचं जाळं; खडबडीत आणि गुळगुळीत असे दोन प्रकार) रिबनच्या घड्या केंद्रकाला खेटून लावा. रायबोझोम (प्रथिनं बनवणारे बारीक कण) म्हणून मोहरी ठीक, ज्वारीचा दाणा फार मोठा दिसतो. मोहरी खडबडीत जालिकेवरच चिकटवा (थोडी पेशीद्रव्यात, म्हणजे भागांच्या मधल्या जागेत, मोकळी), गुळगुळीत जालिकेवर नको.

हे भाग घडवायला काय घ्यावं? तेलकट क्ले आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात मऊ पडून घसरते, शाडू वाळताना तडकतो. कागदाचा लगदाच बरा. आणि हरितलवक (वनस्पतीपेशीतला हिरवा भाग)? प्राणीपेशीत नसतं. हिरवा रंग हाती आहे म्हणून लावू नका.