"पोरगी ऑपरेशन करायली काय वो?"

प्रश्न : आम्ही नंदगडचे. सासूबाईंच्या पित्ताशयात खडे आहेत, पोटात दुखून दोनदा ॲडमिट करावं लागलं. बेळगावच्या एका दवाखान्यात दुर्बिणीनं पित्ताशय काढायचं ठरलंय. मोठे डॉक्टर म्हणाले, "आमच्या नव्या मॅडम करतील, मी असेनच." मॅडम गेल्या वर्षी एम.एस. झाल्या. नवा सर्जन तयार झाला, हे कोण आणि कशावरून ठरवतं? आम्ही नको म्हणावं का?
— एक सून, ता. खानापूर

उत्तर : ताई, "पोरगी ऑपरेशन करायली काय वो?" हा प्रश्न बेळगावात नोकरी केली तेवढी वर्षं ओपीडीत ऐकला. पोरगा करणार असला की मात्र कुणी विचारत नसे. ते असो. तुमचा प्रश्न वयाचा आहे, आणि तो रास्त आहे.

एम.एस. म्हणजे एमबीबीएसनंतर सर्जरी शिकायची तीन वर्षं. त्यात लॉगबुक भरतं, थीसिस होतो, शेवटी परीक्षा. परीक्षेत पेशंट तपासायला देतात, तोंडी घेतात. ऑपरेशन करून दाखवायला सांगत नाहीत. लॉगबुकात किती केली याचा आकडा असतो, पण कशी केली ते त्यातून कळत नाही. आणि फरक पडतो तो तिथंच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या वीस सर्जननी लठ्ठपणाच्या ऑपरेशनचे आपापले व्हिडिओ दिले आणि दुसऱ्या सर्जननी नावं न कळता त्यांना गुण दिले. 2013 साली निकाल छापून आला. सर्वांत कमी गुणांच्या गटातल्या पेशंटांपैकी 14.5 टक्क्यांना त्रास झाला, वरच्या गटात 5.2 टक्क्यांना. हे सगळे शिकून, पास होऊन कामाला लागलेले सर्जन होते बरं का.

म्हणजे "तयार" हा शिक्का युनिव्हर्सिटी मारत नाही. टेबलाच्या पलीकडं उभा असलेला सिनिअर तो ठरवतो, आणि तोही एकदाच नाही, तुकड्या-तुकड्यांनी. माझ्याकडं पीजी, म्हणजे एम.एस. शिकणारा डॉक्टर, आधी नुसता कॅमेरा धरायचा. तो हलू न देता धरता आला की पोटात नळ्या घालायला द्यायचो. मग पित्ताशय लिव्हरपासून सोडवायचं काम. तिथं रक्त आलं तरी बहुधा आवरता येतं. पित्ताशयाच्या मानेजवळचा त्रिकोण सगळ्यात शेवटी. मुख्य पित्तनळी तिथंच शेजारी असते. ती चुकून कापली तर पेशंटचं पुढचं आयुष्य दवाखान्याच्या वाऱ्या करण्यात जातं.

त्या त्रिकोणासाठी 1995 पासून एक शिस्त सांगितली जाते. चरबी आणि जाळी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरपासून सुटा करायचा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, त्याची नळी आणि रक्तवाहिनी, उरल्यात हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. पुस्तकातलं हे वाक्य प्रत्येक पीजीला पाठ असतं. मी बघायचो ते वेगळं. सगळं चिकटलेलं आहे, काही दिसत नाही, घड्याळ पुढं सरकतंय, अशा वेळी हा माणूस काय करतो? "सर, मला नळी ओळखता येईना, थांबू काय?" असं जो आपणहून म्हणाला, त्याला पुढच्या आठवड्यात मी जास्त काम दिलं. हात चपळ, पण तोंडातून हे वाक्य निघत नाही, अशांना जास्त दिवस माझ्यासमोर ठेवलं. ते नाराज व्हायचे. होऊ देत. पित्ताशयाचा थोडा भाग आत ठेवून बाहेर येणं, किंवा दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणं, यात कमीपणा नाही. हे ज्याला मनापासून पटलंय त्याच्यावर मी केस सोपवत असे.

आता सासूबाईंचं. दोनदा ॲडमिट झाल्यात, म्हणजे आत चिकटलेलं असण्याची शक्यता आहे. किती, ते आत गेल्यावरच कळणार. म्हणून मोठ्या डॉक्टरांना सरळ विचारा : "मी असेन" म्हणजे कुठं? हात धुऊन टेबलाशी, का खाली ओपीडीत, का त्या दिवशी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात? अवघड गेलं तर पोट उघडायचं कोण ठरवणार? मॅडमनाही विचारा, अशी चिकटलेली केस त्यांनी स्वतः केलीय का, आणि तेव्हा कोण सोबत होतं. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही.

संमतीचा कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत असेल. मराठीत वाचून दाखवा म्हणा, आणि ऑपरेशन करणाऱ्याचं नाव त्यात आहे का ते बघा. आपल्या भागात नर्स तिन्ही भाषा बोलतात, संकोच नको.

मोठे डॉक्टर टेबलाशी उभे राहणार असतील तर सही करा. फक्त "मोठ्यांच्याच हातून हवं" म्हणून तारीख महिना-दोन महिने पुढं ढकलू नका. मधल्या काळात तिसऱ्यांदा दुखलं, खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आली, तर मोठ्यांनाही ती केस सोपी जाणार नाही.