'नंबर ऑफ'पुढे इज की आर?

अभ्यास सुरू केल्या केल्या इथे अडलास, त्यात नवल नाही. सांगलीत मी इतकी वर्षं मुलांना इंग्रजी शिकवतोय, जवळपास प्रत्येक जण इथेच अडखळतो. सध्या एवढंच पक्कं कर.

सगळ्यात आधी 'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ'. 'अ नंबर ऑफ फार्मर्स आर वेटिंग' म्हणजे बरेच शेतकरी थांबलेत. थांबलेत ते शेतकरी, म्हणून आर. 'द नंबर ऑफ फार्मर्स इज राइजिंग' यात वाढतेय ती संख्या, आणि संख्या एकच, म्हणून इज. वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हण, कर्ता लगेच हाती लागतो. पेपरात हा प्रश्न हमखास चकवतो, म्हणून यावर दोन दिवस घालव, चालेल.

मग 'हाफ ऑफ', 'मोस्ट ऑफ', 'सम ऑफ'. यांच्यात पुढचं नाम बघायचं:
- तासगावची द्राक्षं मोजता येतात: 'हाफ ऑफ द ग्रेप्स आर स्वीट'.
- हळद मोजत नाहीत, तोलतात: 'हाफ ऑफ द टर्मरिक इज वेट'.

वजन, पैसे, अंतर एकगठ्ठा धरलं की एकवचन: 'फिफ्टी किलोज इज इनफ'.

नेहमीची चूक सांगतो. 'वन ऑफ द बॉइज आर'. बॉइज दिसलं की हात आपसूक आर लिहितो. कर्ता वन आहे, तिथे इजच.

'कमिटी', 'नन ऑफ' वगैरेंना आत्ता हात लावू नकोस. रोज मार्केट यार्डातली पाच वाक्यं लिही आणि मला दाखव.