परसातल्या तळ्यात पाणी पडतं हवंय, पण खोटं दिसायला नको

प्रश्न : नमस्कार, आमचं घर चिपळूणजवळ. मागलदारी आगराच्या कडेला तळं केलंय, 8 बाय 5 फूट, खोली 2 फूट, शेततळ्याचा कागद घातलाय. दोन वॉटरलिली आहेत, गप्पी मासे आहेत. आता पाण्याचा आवाज हवा असं फार वाटतंय. दुकानात फायबरचा चार फुटी धबधबा दाखवला, मुलगा म्हणतो मधोमध कारंजं लावू. नैसर्गिक दिसेल असं काय करावं? (एक वाचक)

उत्तर : ताई, दोन्ही नको. वॉटरलिलीला पानांवर सतत पाणी उडालेलं आणि भोवती ढवळलेलं पाणी मानवत नाही, एवढ्याशा तळ्यात ती कारंज्यापासून लांब ठेवणार तरी कुठे, फुलं कमी होतील. आणि फायबरचा रंग कितीही हुबेहूब असू दे, सपाट आगरात चार फुटाचा डोंगर उभा दिसला की बघणाऱ्याला पहिलं हेच वाटतं की हा आला कुठून.

पावसाळ्यात घराजवळचा पऱ्ह्या जरा उभं राहून बघा. पाणी वीतभर पडतं, डबक्यात थांबतं, दगडाला वळसा घालतं, परत वीतभर पडतं. तेवढंच करायचंय. जिथे जमीन जरा चढती आहे त्या बाजूला, तळं खणताना निघालेली माती टाकून दोन टप्पे करा, सगळी उंची मिळून फूट-सव्वा फूट पुरे, आणि मागे कर्दळ, अळू, वेखंड लावून टाका म्हणजे पाइपाचं तोंड दिसणार नाही, मला विचाराल तर अर्धं काम हेच आहे.

दगड एकाच जातीचे घ्या, बांधाला निघालेले काळे असतील तर उत्तमच. जांभ्याचे चिरे कापीव असतात, ते लगेच बांधकाम वाटतं. मोठे दगड खाली, अर्धे मातीत पुरलेले, नुसते वर ठेवलेत तर रास दिसते. ज्या दगडावरून पाणी पडणार त्याची कड धारदार हवी आणि तो किंचित पुढे झुकलेला हवा, कड गोल असली तर पाणी दगडालाच चिकटून मागे ओघळतं आणि आवाज येतच नाही. टप्प्यांखालीही कागद हवा, त्याची खालची कड तळ्यात सोडायची, आणि बाजूच्या कडा पाण्याच्या वर उचललेल्या ठेवायच्या. तळ्यातलं पाणी रोज कमी होतंय अशी तक्रार येते ती बहुतेक इथलीच असते. फटी सिमेंटने भरल्यात तर वाळल्यावर पाणी सोडून दोनतीनदा काढून टाका, पण ते तळ्यात उतरू देऊ नका, सिमेंटमधला चुना माशांना बाधतो.

पंप घेताना हिशोब सोपा, धारेच्या रुंदीच्या प्रत्येक इंचाला ताशी साधारण 350 ते 400 लिटर. 8 इंची धार असेल तर 3000 लिटर. तुमच्या तळ्यात सव्वादोन हजार लिटर पाणी आहे, म्हणजे तासाभरात सगळं फिरतं, छान. फक्त खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, वर चढवताना तो कमी होतो, तेव्हा तुमच्या उंचीला किती मिळेल ते दुकानदाराला विचारूनच घ्या. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि शॉक लागला तर लाइन पाडणारा ब्रेकर लावाच, यात काटकसर नको.

दगडांची खटपट नको असेल तर पोफळीच्या खोडाची पन्हळ करून तिची धार तळ्यात सोडा. आपल्याकडे पाटाचं पाणी असंच डोणीत पडायचं, आगरात ते परकं वाटणार नाही.

आणि एक, तुमच्याकडच्या पावसात तळं भरून वाहणारच. जादा पाण्याचा पाइप काढाल त्याला बारीक जाळी लावा. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले, ते वाहून पऱ्ह्यात गेले तर तिथल्या आपल्या लहान माशांना त्रास होतो, म्हणून ही जाळी मिरगाच्या आधी बसवा.